‘जावक’ झालं, पण ‘आवक’ कुठे? कुंदुझचं रुग्णालय आणि युद्धातल्या माहितीचा प्रवास

२९ सप्टेंबर २०१५ रोजी एका वैद्यकीय संस्थेने काही ई-मेल पाठवले. मजकूर कोरडा होता. अफगाणिस्तानातल्या कुंदुझ शहरात आमचं रुग्णालय अमुक अक्षांश-रेखांशावर आहे, एवढंच त्यात कळवलं होतं. हे ई-मेल अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, काबूलमधल्या अमेरिकी सैन्याला आणि अफगाण सरकारच्या संरक्षण व गृह खात्यांना गेले. अमेरिकी बाजूने पोच आली आणि आकडे योग्य त्या ठिकाणी पुढे पाठवल्याचंही सांगण्यात आलं. त्यानंतर चार दिवसांनी, ३ ऑक्टोबरला रात्री दोन वाजून गेल्यावर, अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने त्याच रुग्णालयावर मारा केला. ४२ माणसं गेली : संस्थेचे १४ कर्मचारी, २४ रुग्ण आणि रुग्णांसोबत आलेले ४ नातेवाईक.

पत्ता दिलेला होता. पोच मिळाली होती. मग काय झालं?

सैन्य आणि नागरी संस्था एकाच भूमीवर काम करतात तेव्हा त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण कशी होते, हा संशोधनाचा एक मोठा विषय आहे. या विषयावर लिहायला बसलेले विद्यार्थी बहुतेकदा एकच प्रश्न घेतात : ‘समन्वय होता का?’ उत्तरही ठरलेलं असतं. समन्वय अपुरा होता, तो वाढवायला हवा. प्रबंधाचा शेवटचा परिच्छेद तयार! या लेखात मी तुम्हाला दुसरा प्रश्न सुचवणार आहे. माहितीचा एक तुकडा हातात घ्या आणि तो कोणाकडून निघाला, कुणाकुणाच्या हातातून गेला, कोणत्या रूपात गेला आणि नेमका कुठे थांबला, ते शोधा. आपल्या सरकारी कचेऱ्यांतली आवक-जावक नोंदवही तुम्ही पाहिली असेल. कागद बाहेर गेला की ‘जावक’, आत आला की ‘आवक’. पण आवकचा शिक्का बसला म्हणजे कागद निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर गेला, असं आपल्यापैकी कुणीच मानत नाही. युद्धाचा इतिहास वाचताना मात्र आपण हे सहज मानून बसतो.

आधी मोगादिशूला जाऊ

ही देवाणघेवाण युद्धाइतकीच जुनी असली, तरी तिचं आजचं रूप १९९० च्या दशकात घडलं. १९९१ मध्ये उत्तर इराकमधल्या कुर्द निर्वासितांसाठी मोठी लष्करी मदत मोहीम झाली. तंबू, पाणी, औषधं वाटणाऱ्या संस्था आणि सैनिक तिथे शेजारी शेजारी काम करत होते. पुढच्याच वर्षी सोमालिया आला.

३ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ७९४ मंजूर केला आणि ९ डिसेंबरला अमेरिकी मरीन सैनिक मोगादिशूच्या किनाऱ्यावर उतरले. देशात दुष्काळ आणि यादवी एकाच वेळी चालू होती. धान्य बंदरात येत होतं, पण वाटेत लुटलं जात होतं. मदत संस्था तिथे सैन्याच्या आधीपासून होत्या. कुठल्या गावात माणसं उपाशी आहेत, कुठला रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, कुणाशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. सैन्याकडे ट्रकना संरक्षण देण्याची ताकद होती, रस्त्यांची ताजी टेहळणी होती, विमानं होती. दोघांनाही एकमेकांकडचं काहीतरी हवं होतं.

त्यातून मोगादिशूत एक मानवतावादी मदत केंद्र उभं राहिलं. ते संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली होतं आणि ‘केअर’ या संस्थेचे फिलिप जॉन्स्टन त्याचे प्रमुख होते. सैन्याचं नागरी-लष्करी संपर्क केंद्र त्याला जोडूनच होतं आणि त्याची जबाबदारी मरीन कर्नल केव्हिन केनेडी यांच्याकडे होती. रोज सकाळी बैठक व्हायची. काल कुठे गोळीबार झाला, आज कुठला रस्ता बंद आहे, कोणाला किती ट्रकना संरक्षण हवं आहे, अशा गोष्टींची तिथे चर्चा व्हायची.

या व्यवस्थेचं कौतुक झालं, पुढच्या मोहिमांमध्ये तिच्या नकला झाल्या. पण तुम्ही संशोधक म्हणून थोडं थांबा आणि त्या टेबलावर नेमकं काय ठेवलं जात होतं ते बघा. सैन्याच्या दृष्टीने गावातली उपासमार आणि गावातले बंदूकधारी ही दोन्ही एकाच चित्रातली माहिती होती. मदत संस्थेच्या दृष्टीने पहिली गोष्ट सांगणं हे काम होतं आणि दुसरी सांगणं हा धोका. संस्थेच्या माणसांनी बंदूकधाऱ्यांची ठिकाणं सांगितली असं बाहेर कळलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने ट्रक नेणार कोण? त्यात भर म्हणजे या संस्थांनी संरक्षणासाठी स्वतःच स्थानिक बंदूकधारी पगारावर ठेवले होते. बंदुका गोळा करणाऱ्या सैनिकांना ‘हा आमचा माणूस’ हे कसं ओळखू येणार, यावरून सतत कटकटी झाल्या.

मे १९९३ मध्ये सूत्रं संयुक्त राष्ट्रांच्या नव्या मोहिमेकडे गेली आणि जूनपासून ही मोहीम जनरल ऐदीद यांच्या विरोधात थेट उतरली. सैन्य एका गटाशी लढायला लागलं की त्याच्या टेबलाशी बसणारा प्रत्येकजण दुसऱ्यांच्या नजरेत त्या बाजूचा होतो. माहिती तीच, टेबल तेच, पण तिथे बसण्याची किंमत वाढलेली. (जाता जाता एक संशोधनविषय : या नव्या मोहिमेत भारतीय सैन्याची ब्रिगेड होती आणि ती बैदोआ भागात काम करत होती. स्थानिक लोकांशी आणि संस्थांशी तिचा व्यवहार कसा होता, यावर मराठीत लिहायला भरपूर वाव आहे.)

पिवळा रंग आणि एक पत्रक

आता अफगाणिस्तान. इथल्या दोन घटना पाहिल्याशिवाय कुंदुझ कळत नाही.

पहिली घटना २००१ ची. ७ ऑक्टोबरला अमेरिकेने बॉम्बहल्ले सुरू केले आणि त्याच रात्री विमानांतून अन्नाची पाकिटंही टाकायला सुरुवात केली. पहिल्या खेपेतच सुमारे ३७ हजार पाकिटं होती. पाकिटं पिवळी होती, म्हणजे लांबून दिसावीत. अडचण अशी की क्लस्टर बॉम्बमधून विखुरणारे छोटे बॉम्बही पिवळेच होते आणि त्यातले काही न फुटता जमिनीवर पडून राहत. मग रेडिओवरून स्थानिक भाषांत दोन्हींतला फरक समजावून सांगावा लागला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाकिटांचा रंग बदलून निळा करणार असल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. रंग हीसुद्धा माहितीच असते. ‘हे खा’ आणि ‘याला हात लावू नको’ हे दोन निरोप एकाच सैन्याने एकाच रंगात पाठवले, कारण पाकीट ठरवणारा विभाग वेगळा आणि बॉम्ब ठरवणारा विभाग वेगळा. दोघांची माहिती एकत्र आली ती थेट अफगाण गावकऱ्याच्या शेतात. सैन्य म्हणजे एक डोकं नव्हे, हे इथेच टिपून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

दुसरी घटना २००४ ची. दक्षिण अफगाणिस्तानात अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी पत्रकं वाटली. मदत मिळत राहावी असं वाटत असेल, तर तालिबान आणि अल-कायदाबद्दलची माहिती फौजांना द्या, असा त्यांचा आशय होता. मे महिन्यात ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेने याचा जाहीर निषेध केला. (तिच्या फ्रेंच नावावरून तिला ‘एमएसएफ’ म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.) त्यांचं म्हणणं साधं होतं. औषध आणि धान्य हे माहितीच्या मोबदल्यात मिळतं असं एकदा लोकांना वाटलं, की डॉक्टर हा खबऱ्या ठरतो. २ जून २००४ रोजी बादघीस प्रांतात एमएसएफच्या ५ जणांची हत्या झाली. जुलैच्या अखेरीस संस्थेने अफगाणिस्तान सोडत असल्याचं जाहीर केलं. दोन दशकांहून जास्त काळ तिथे काम केल्यानंतर हा निर्णय झाला. कारणांमध्ये हत्येचा न झालेला तपास होता, तालिबानची भूमिका होती आणि सैन्याने मदतीचा केलेला हा वापरही होता.

म्हणजे ‘माहिती वाटून घ्या’ हा सल्ला ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण कुठली माहिती, कोणाला आणि कशाच्या बदल्यात, हे न विचारता दिला तर त्यात माणसं मरतात. नागरी संस्था माहिती देताना हात आखडता घेतात तेव्हा तो अडेलतट्टूपणाच असतो असं नाही. बऱ्याचदा त्यामागे असा अनुभव असतो.

कुंदुझचं रुग्णालय

एमएसएफ २००९ मध्ये अफगाणिस्तानात परतली. ऑगस्ट २०११ मध्ये कुंदुझमध्ये त्यांनी जखमींसाठी शस्त्रक्रिया रुग्णालय सुरू केलं. देशाच्या ईशान्य भागात असं दुसरं रुग्णालय नव्हतं. उपचार मोफत. २०१४ या एका वर्षात तिथे २२ हजारांहून जास्त रुग्ण आले आणि ५,९०० हून जास्त शस्त्रक्रिया झाल्या.

हे रुग्णालय उघडण्याआधी संस्थेने सगळ्या बाजूंशी बोलणी केली होती : अफगाण सरकार, अमेरिका आणि नाटोचं सैन्य, तालिबान. अटी अशा, की आत शस्त्र आणायचं नाही आणि जखमी कोणत्या बाजूचा आहे हे विचारायचं नाही. म्हणजे एमएसएफने माहितीच्या व्यवहाराची रेघ स्वतः आखली होती. ‘आम्ही कुठे आहोत’ हे सगळ्यांना सांगू. ‘आमच्या खाटेवर कोण आहे’ याचा वापर कोणालाही करू देणार नाही. ही रेघ आधीच एकदा ओलांडली गेली होती. १ जुलै २०१५ रोजी अफगाण विशेष दलाचे सशस्त्र जवान रुग्णालयात घुसले होते.

२८ सप्टेंबरला तालिबानने कुंदुझ शहर घेतलं. दुसऱ्या दिवशी एमएसएफने आपले अक्षांश-रेखांश पुन्हा पाठवले. ‘पुन्हा’ हा शब्द लक्षात घ्या, कारण ते आधीही दिलेले होते. १ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमधल्या एका अमेरिकी सरकारी अधिकाऱ्याने संस्थेला विचारलं की तुमच्या आवारात तालिबान मोठ्या संख्येने लपलेत का. उत्तर गेलं की रुग्णालय रुग्णांनी भरलंय, त्यात जखमी तालिबानही आहेत. २ ऑक्टोबरला छतावर संस्थेचे दोन झेंडे पसरण्यात आले. त्या रात्री शहर अंधारात होतं, पण जनरेटरमुळे रुग्णालयात दिवे चालू होते. आत १०५ रुग्ण होते. शेजाऱ्यांना, तालिबानला, सरकारला, वॉशिंग्टनला, सगळ्यांना ही इमारत काय आहे हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आकाशातल्या विमानाला.

आकड्यांचा माग

इथून पुढे आपण त्या अक्षांश-रेखांशाच्या मागे चालू. अमेरिकी सैन्याच्या चौकशीचा सारांश जनरल जॉन कॅम्पबेल यांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये सांगितला आणि काही मजकूर काळा केलेला, सुमारे ३ हजार पानांचा अहवाल २९ एप्रिल २०१६ रोजी खुला झाला. त्यात हा माग सापडतो.

एमएसएफचे आकडे सैन्याकडे पोचले होते आणि ‘इथे मारा करू नये’ अशा ठिकाणांच्या यादीत, म्हणजे नो-स्ट्राइक लिस्टमध्ये, रुग्णालय नोंदलेलंही होतं. म्हणजे आवक झाली होती.

त्या रात्री एसी-१३० जातीचं विमान ठरल्या वेळेच्या ६९ मिनिटं आधी उडालं, कारण जमिनीवरचे सैनिक अडचणीत असल्याची खबर होती. घाईत नेहमीची पूर्वसूचना बैठक झाली नाही आणि विमानात ती यादी गेलीच नाही. बरं, उडाल्यावर पाठवता आली असती, पण विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बिघडली आणि ई-मेल, व्हिडिओ काहीच जाईना-येईना.

खरं लक्ष्य होतं अफगाण गुप्तचर खात्याची एक इमारत, जी तालिबानच्या ताब्यात असल्याचं सांगितलं जात होतं. ती रुग्णालयापासून सुमारे ४०० मीटरवर. तिचे आकडे विमानाला मिळाले, बरोबर मिळाले. पण आपल्यावर क्षेपणास्त्र सोडलं गेलंय असं वाटून विमान लांब सरकलं होतं. त्या अंतरावरून यंत्राने ते आकडे चुकीच्या जागी, एका रिकाम्या मैदानावर दाखवले. मग चालकदलाने जमिनीवरून मिळालेलं इमारतीचं वर्णन घेतलं आणि मैदानाच्या जवळची, वर्णनाशी जुळणारी मोठी इमारत शोधली. ती होती एमएसएफचं रुग्णालय. विमान परत जवळ आल्यावर यंत्राने आकडे खऱ्या इमारतीवर बरोबर दाखवले. तरीही दलाने वर्णनावर भरवसा ठेवला. जमिनीवरच्या ज्या अमेरिकी अधिकाऱ्याच्या शब्दावर हे सगळं चाललं होतं, त्याला या दोन्हींपैकी एकही इमारत प्रत्यक्ष दिसत नव्हती.

आता सगळ्यात महत्त्वाची नोंद. गोळीबाराच्या एक मिनिट आधी विमानाने बग्राम तळावरच्या मुख्यालयाला कळवलं की आम्ही मारा करणार आहोत, आणि लक्ष्याचे आकडे सांगितले. ते आकडे रुग्णालयाचे होते. मुख्यालयाकडे नो-स्ट्राइक लिस्ट उपलब्ध होती. म्हणजे एमएसएफने पाठवलेले आकडे आणि विमानाने सांगितलेले आकडे, दोन्ही एकाच कार्यालयात होते. ते कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

‘माहिती पोचली नाही’ असं आपण सहज लिहून मोकळे होतो. इथे माहिती पोचली होती, फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली नव्हती. २००१ च्या पिवळ्या रंगासारखंच हेही आहे. फरक एवढाच की इथे दोन विभागांमधलं अंतर कदाचित काही पावलांचं होतं.

उलट्या दिशेचा निरोप

दोन वाजून आठ मिनिटांनी मारा सुरू झाला. आता निरोप उलट्या दिशेने निघाला, रुग्णालयाकडून सैन्याकडे. दोन एकोणीसला एमएसएफच्या काबूलमधल्या प्रतिनिधीने नाटोच्या ‘रिझोल्यूट सपोर्ट’ मोहिमेला फोन केला. पाठोपाठ रेडक्रॉसला आणि संयुक्त राष्ट्रांच्या नागरी-लष्करी संपर्क अधिकाऱ्यालाही कळवलं. अमेरिकी नोंदीनुसार दोन वीसला बग्रामवर रुग्णालयाकडून आलेली खबर पोचली. आपण रुग्णालयावर मारा करतोय हे मुख्यालयाला उमगायला दोन सदतीस झाले. तोवर विमानाने मारा थांबवला होता, पण तो फोनमुळे नव्हे, त्यांचं काम झालं होतं म्हणून. २११ गोळे टाकून झाले होते.

वीस ते सदतीस, सतरा मिनिटं. आत लोक जळत होते आणि बाहेर फोन लागला होता, उचलला गेला होता, ऐकला गेला होता. दोन एकोणसाठला सैन्याकडून एमएसएफला एसएमएस आला, त्याचा आशय असा होता की शक्य ते करतो, तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. ज्याने तो लिहिला त्याची कळकळ खरी असेल. पण विमान थांबवण्याचा अधिकार त्याच्या हातात नव्हता. संपर्क अधिकारी नेमले जातात ते बाहेरच्यांशी बोलण्यासाठी. आपल्याच सैन्यात त्यांचा शब्द किती दूर जातो, हे कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं. संशोधकाने शोधायची जागा हीच आहे.

दोन अहवाल, दोन घड्याळं

आता साधनांबद्दल, कारण तुम्हाला पुढे हेच करायचंय. एमएसएफने आपला अंतर्गत आढावा ५ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध केला. सैन्याचा अहवाल नंतर आला. दोन्ही समोर ठेवून वाचा.

पहिली गोष्ट, वेळ जुळत नाही. सैन्याच्या मते मारा सुमारे अर्धा तास चालला, एमएसएफच्या मते तासाभराहून थोडा कमी-जास्त. लगेच ‘खरं कोण?’ असं विचारू नका. आधी ‘घड्याळ कुठे होतं?’ ते विचारा. एक घड्याळ विमानात आणि मुख्यालयात होतं, दुसरं जळत्या इमारतीच्या आवारातल्या माणसांच्या आठवणीत आणि फोनच्या नोंदींत. बंदूक थांबली तरी जमिनीवर हल्ला संपलेला नसतो. दोन्ही नोंदी पुरावाच आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टींचा.

दुसरी गोष्ट, सैन्याची स्वतःची हकिगत सुरुवातीच्या चार दिवसांत बदलत गेली. आधी म्हटलं की सैन्याला धोका असलेल्या व्यक्तींवर मारा केला, त्यात जवळच्या वैद्यकीय केंद्राचं नुकसान झालं असावं. मग सांगितलं की अफगाण फौजांनी हवाई मदत मागितली होती. ६ ऑक्टोबरला जनरल कॅम्पबेल यांनी सिनेटच्या समितीसमोर मान्य केलं की निर्णय अमेरिकेचा होता आणि रुग्णालयावर मारा चुकून झाला. यातलं कुठलंही एक निवेदन उचलून तळटीप दिली तर ती खोटी ठरणार नाही, पण तुमचं विधान चुकेल. निवेदनं तारखेने लावा. बदल हाच पुरावा असतो.

तिसरी गोष्ट, दोन अहवाल वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. सैन्याचा अहवाल विचारतो, चूक कुठे झाली? त्याचं उत्तर माणसांच्या चुका, पद्धतीतल्या चुका आणि यंत्रातले बिघाड असं येतं. १६ जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, फौजदारी खटला कोणावरही चालला नाही. हेतू नव्हता म्हणून हा युद्धगुन्हा नाही, असा सैन्याचा निष्कर्ष. एमएसएफचा आढावा विचारतो, आम्ही आमच्या बाजूने सगळं केलं होतं की नाही? आणि पुढे मागणी करतो की ज्यांनी मारा केला त्यांनीच चौकशी करू नये. जिनिव्हा करारांच्या जोड-मसुद्याखाली एक आंतरराष्ट्रीय तथ्यशोधन आयोग आहे, त्याने ही चौकशी करावी असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिका आणि अफगाणिस्तान यांची संमती मिळाली नाही, त्यामुळे ती चौकशी झालीच नाही. त्या आयोगाचा अहवाल अस्तित्वात नाही. ही रिकामी जागासुद्धा तुमच्या प्रबंधात नोंदवा.

एक सावधगिरी मात्र हवी. आकड्यांचा माग काढताना आपण नकळत असं मानायला लागतो की रुग्णालय वाचवण्याची जबाबदारी पत्ता कळवणाऱ्यावर होती. कायदा तसं म्हणत नाही. पत्ता कळवला नसता तरी रुग्णालयाचं संरक्षण तेवढंच होतं, आणि मारा करण्याआधी लक्ष्य काय आहे हे तपासण्याचं कर्तव्य मारा करणाऱ्याचं असतं. कळवणं ही त्याला केलेली मदत, त्याच्या कर्तव्याची बदली नव्हे.

त्यानंतर

३ मे २०१६ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २२८६ मंजूर केला. युद्धात रुग्णालयं आणि वैद्यकीय कर्मचारी यांच्यावरचे हल्ले थांबवा, असं त्यात म्हटलंय. सीरियात त्या काळात संयुक्त राष्ट्रांमार्फत रुग्णालयांचे पत्ते लढणाऱ्या बाजूंना कळवण्याची व्यवस्था चालू होती. तिथे पत्ते दिलेल्या रुग्णालयांवरही हल्ले झाले. त्यातल्या काही घटनांची चौकशी करायला संयुक्त राष्ट्रांनी मंडळ नेमलं, त्याचा सारांश एप्रिल २०२० मध्ये आला. जूनमध्ये रशिया त्या व्यवस्थेतून बाहेर पडला. सीरियातल्या डॉक्टरांसमोर तेव्हा जो प्रश्न होता तो कुंदुझहून अवघड होता : पत्ता दिला तर वाचू की दिल्यामुळेच मरू? कुंदुझमध्ये माहिती वापरलीच गेली नाही. सीरियात ती उलटी वापरली जात असल्याची भीती होती. वरवर दोन्ही ठिकाणी ‘माहितीची देवाणघेवाण’ हाच शब्द लागतो. म्हणूनच तो शब्द शीर्षकात घालून थांबता येत नाही.

तुमच्या कामासाठी

तुम्ही लष्करी इतिहासावर काम करणार नसाल, तरी ही पद्धत घेऊन जा. पूर असो, साथ असो, धरणग्रस्तांचं पुनर्वसन असो, जिथे एक यंत्रणा दुसरीला काही कळवते तिथे ती चालते. माहितीचा एकच तुकडा निवडा. एका कागदावर पाच रकाने आखा : कोणी दिली, कोणाला दिली, कोणत्या रूपात, किती वाजता, आणि ज्याला मिळाली त्याच्या हातात काय करण्याचा अधिकार होता. कुंदुझचे पहिले चार रकाने नीट भरतात. ई-मेल आहेत, पोच आहे, फोनच्या वेळा आहेत, मिनिटामिनिटाचा हिशोब आहे. पाचवा रकाना भरायला बसलात की पेन अडतं. पोच देणाऱ्याला अधिकार नव्हता, फोन उचलणाऱ्याला नव्हता, प्रार्थना करणाऱ्याला नव्हता. ज्याला अधिकार होता त्याच्यापर्यंत यातलं काहीच वेळेत गेलं नाही.

तुमच्या विषयातही पेन बहुधा याच रकान्यात अडेल. अडलं की घाबरू नका. तिथून पुढे तुमचं संशोधन सुरू होतं.